गिरण्यांचें जतन : एक आक्षेप

मुंबईच्या गिरणगांवांत जुन्या गिरण्यांच्या जागीं दुकानें, कचेऱ्या, उपाहारगृहें व निवासस्थानें उभारण्याच्या उद्योगास कित्येकदां ‘वारशाचें जतन’ असें नांव देण्यांत येतें. ह्या नांवास आमचा आक्षेप आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेल्या कंपनीपासून मुंबईंत कापडगिरण्यांच्या धंद्यास आरंभ झाला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्याचा ऱ्हास झपाट्यानें झाला आणि प्रश्न उरला तो जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमाप्रमाणें ही जमीन मालक, महापालिका व सार्वजनिक गृहनिर्माण ह्या तिघांत वांटली जावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी मुळांत मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच राहिली. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन तींतून सुटली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती ग्राह्य धरली. कायद्याचा निर्णय तेथें झाला. इतिहासाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जुन्या इमारतीचें मोल तिच्या जुनेपणानें नव्हे, तर क्षेत्रफळानें ठरूं लागलें. आणि क्षेत्रफळ राखण्यास भिंत राखावी लागत नाहीं.

लोअर परळ येथील फिनिक्स गिरणीचें धुराडें आजच्या बाजारपेठेच्या आवारांत उभें आहे. तें राखलें हें बरेंच झालें. परंतु धुराडें एवढेंच सांगतें कीं, येथें कोळसा जळत होता. साचे कोठें होते, एका कामगाराकडे किती होते, पाळी बदलतांना माणसें कोणत्या दारानें जात, ह्याचा पुरावा यंत्रांच्या पायांत, खात्यांच्या नकाशांत व हजेरीपटांत असतो.

अमेरिकेंतील लोवेल शहरीं १९७८ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झालें. तेथील बूट गिरणींतहि घरें व कचेऱ्या आहेत. पण एका दालनांत यंत्रमाग चालते ठेविले असून, जवळच्या जुन्या वसतिगृहांत गिरणींत राबणाऱ्या मुलींचें राहणीमान दाखविलें आहे. तात्पर्य, नवा उपयोग व जुनी साक्ष यांत मूलतः विरोध नाहीं.

मुंबईंत जमीन महाग आहे, हें उत्तर येथें पुरत नाहीं. मोजणी, छायाचित्रें व दप्तर यांस जमीन लागत नाहीं. इमारत पाडण्याची परवानगी देण्यापूर्वीं तिचे नकाशे व कागदपत्रें सार्वजनिक दप्तरखान्यांत दाखल करण्याची अट घालावी. तेवढें झाल्यावांचून ‘जतन’ हा शब्द कोणीं वापरूं नये.