दलित आत्मकथन आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतील भूक, अपमान, गावकुसाबाहेरचे जिणे, भाषेचा रांगडेपणा या सर्वांची चर्चा झाली. पण ज्या एका साध्या, रोख गोष्टीमुळे हा लेखक लिहिता झाला तिच्याविषयी आपली समीक्षा फारसे बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे शिष्यवृत्ती. फीची माफी, वसतिगृहातले ताट आणि महिन्याकाठी हाती पडणारे चार पैसे नसते, तर यांतली कितीतरी पुस्तके जन्मालाच आली नसती.

या जागी प्रस्थापित समीक्षक एक शब्द ठेवतो : ‘जिद्द’. लेखक प्रतिकूल परिस्थितीत जिद्दीने शिकला, असे लिहून तो मोकळा होतो. शब्द गौरवाचा दिसतो, पण त्यात एक लबाडी आहे. जो शिकला तो जिद्दीने शिकला असे म्हटले, की जो चौथीत गळाला त्याच्या अंगी जिद्द नव्हती असे आपोआप ठरते. व्यवस्था नामानिराळी राहते. आणि स्टाफरूममध्ये, कचेरीत, एस. टी. स्टँडवर दुसराच शब्द चालतो : ‘सरकारचे जावई’. पुष्कळदा छापील लेखात ‘जिद्द’ लिहिणारा आणि चहाच्या टेबलावर ‘जावई’ म्हणणारा माणूस एकच असतो. मराठी घरात जावयाला धोंड्याच्या महिन्यात वाण मिळते, पाटावर बसवून जेवू घालतात. त्याच्याकडे कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, जातीचा पुरावा मागत नाही. ही कसली जावईगिरी, की ज्यात जावई तहसील कचेरीच्या पायरीवर दिवस काढतो?

माझे म्हणणे असे की, हे दोन्ही शब्द खोटे आहेत. शिष्यवृत्ती हा हक्क आहे आणि तो भिकेच्या रीतीने दिला जातो. या विसंगतीचा सर्वांत सबळ पुरावा दलित आत्मकथनांतच आहे. तो आपण वाचला नाही, हा समीक्षेचा दोष. आणि आपल्या काही लेखकांनी तो पुरता मांडला नाही, हा आपला दोष.

१

शासनाच्या पैशावर शिकणे ही दलितांनी आणलेली पद्धत नव्हे. पेशवाईत श्रावणमासी ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण दक्षिणा बुडाली नाही. इंग्रजांनी तिचाच काही भाग वळवून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिथे आरंभी प्रवेश होता तो ब्राह्मणांनाच. पुढे त्याच पैशातून दक्षिणा फेलोशिपा निघाल्या. रयतेच्या शेतसाऱ्यातून आलेल्या या पैशावर जे शिकले त्यांना कोणी सरकारचे जावई म्हटले नाही. त्यांना विद्वान म्हटले, आणि ते रास्तच होते. प्रश्न इतकाच की, घेणारा बदलला की देण्याचे नाव का बदलते?

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी तिथे सांगितले. शिष्यवृत्त्यांविषयीचे त्यांचे म्हणणे तर आजही शिकण्यासारखे आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची रीत तत्त्वतः न्यायाची दिसली, तरी तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या असाव्यात, अशी त्यांची मागणी होती. ‘गुणवत्ता’ या शब्दाला दिलेले हे फार जुने उत्तर आहे.

बाबासाहेबांचे आयुष्य तर शिष्यवृत्तीचा अर्थ सांगणारा जिवंत दस्तऐवज आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना बी. ए. साठी महिना २५ रुपये दिले. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, आणि परत आल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. १९१७ साली मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला घर मिळाले नाही. शिष्यवृत्तीने ज्ञान मिळते, जात जात नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला. म्हणूनच सत्तेच्या जागी पोहोचताच त्यांनी या प्रश्नाला हात घातला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर ऑक्टोबर महिन्यात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी ठळकपणे होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या पाठपुराव्यातून. महाराजांच्या मर्जीवर जे एका विद्यार्थ्याला मिळाले होते ते हजारोंना शासनाकडून हक्काने मिळावे, हा त्यातला बदल आहे. मर्जीपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास विसरला, की शिष्यवृत्ती पुन्हा उपकार होते.

२

आता आत्मकथनांकडे वळू. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) सवलतीच्या अर्जाचा प्रसंग आहे. अर्जावर सरपंचाची सही हवी आहे. सरपंच विचारात पडतो, कारण या मुलाची ओळख कशी लिहायची हेच त्याला कळत नाही. आई महार, बाप लिंगायत पाटील आणि त्याने पोराला नाव दिलेले नाही, घरात आजीबरोबर राहणारा म्हातारा मुसलमान. अर्जाच्या रकान्यात माणूस मावत नाही. या प्रसंगाकडे समीक्षकांनी अनौरसपणाच्या वेदनेचा प्रसंग म्हणून पाहिले. ते खरेच आहे. पण अपुरे आहे. इथे वेदना शासनाच्या कागदाने उघडी केली आहे. पाटलाने बाईला वापरले तेव्हा त्याला कुठला रकाना भरावा लागला नाही. पोराला शिकायचे म्हटल्यावर मात्र बापाचा, जातीचा, धर्माचा पुरावा त्यानेच आणायचा. गुन्हा एकाचा आणि दाखला दुसऱ्याने द्यायचा, हा आपल्या समाजव्यवस्थेचा सबंध न्याय त्या एका कागदावर उतरला आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) बापाच्या नावाचा हाच प्रश्न शाळेच्या दारात उभा राहतो, आणि लेखक आपल्या नावामध्येच आईचे नाव धारण करून त्याला उत्तर देतो.

दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८) नावच या चर्चेची किल्ली आहे. बलुते म्हणजे गावकीच्या कामाचा मोबदला. महारांचे बावन्न हक्क होते असे अभिमानाने सांगितले जाई. पण हा हक्क वसूल कसा व्हायचा? दारोदार फिरून, उंबऱ्याबाहेर उभे राहून, हात पसरून. काम करणाराच मागणारा ठरला आणि हक्क भाकरीच्या तुकड्याच्या रूपाने वरून टाकला गेला. हक्काला भिकेचे रूप देण्याची ही रीत गावगाड्याने शतकानुशतके घोटली. शिष्यवृत्तीच्या खिडकीशी तीच रीत नव्या कपड्यांत उभी आहे. खिडकीतल्या कारकुनाचा स्वर आणि वाड्याच्या दारातला स्वर यांत जे साम्य आहे ते योगायोगाचे नाही.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) आणखी पुढे जाते. संस्कृतमध्ये एम. ए. झालेल्या दलित मुलीला नोकरी मिळत नाही. आंतरजातीय लग्नानंतर सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आले आणि मग नोकरी मिळाली, हे त्या स्वतःच परखडपणे नोंदवतात. शासन एका हाताने शिकवते आणि समाज दुसऱ्या हाताने ते शिक्षण निरर्थक करू पाहतो.

आणि धर्माचा रकाना? १९५६ साली बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्म स्वीकारला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण मधल्या चौतीस वर्षांत अर्जात ‘बौद्ध’ लिहावे की ‘हिंदू’ हा पेच किती घरांत पडला असेल? माणुसकीसाठी सोडलेला धर्म पोटासाठी कागदावर पुन्हा लिहायचा! दलित साहित्यात या पेचावर एखादी थोर कथा यायला हवी होती.

३

इथे आपल्या लेखकांकडेही वळले पाहिजे. आपल्या अनेक आत्मकथनांची रचना ठरीव झाली आहे : भूक, शाळा, अपमान, वसतिगृह, पदवी, नोकरी. नोकरी लागली की पुस्तक संपते. त्याबरोबर तो अर्ज, ती खिडकी, मार्च उलटला तरी न आलेली रक्कम हे सारे विसरले जाते. काही पुस्तकांचा शेवट तर आभारप्रदर्शनाच्या सुरात होतो. ज्याने हक्क मिळवला त्याने कृतज्ञ व्हावे ते चळवळीशी, खिडकीशी नव्हे. लेखक स्वतःच ‘जिद्दी’ची गोष्ट सांगू लागला, की प्रस्थापित समीक्षकाचे काम सोपे होते.

दुसरी उणीव अशी की, शिष्यवृत्ती पुरत नव्हती तेव्हा ती तूट कोणी भरली, हे पुरुषांच्या आत्मकथनांत धूसर राहते. स्त्रियांनी ते स्वच्छ सांगितले. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) वडिलांच्या मागे आई टोपल्या विणते आणि त्या विणण्यावर पोरांचे शिक्षण चालते. त्या घरातली खरी शिष्यवृत्ती म्हणजे आईच्या बोटांचे श्रम. तिला कुठल्याही शासननिर्णयात नाव नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्येही (१९८६) बाबासाहेबांचा शब्द ऐकून पोरे शाळेत घालणाऱ्या बायाच पुढे दिसतात.

तिसरी गोष्ट लाजेची. ‘जावई’ या टोमण्याने आपली मुले शिष्यवृत्तीची नोटीस लागली की वर्गात मान खाली घालतात. कन्नडमध्ये अरविंद मालगत्ती यांनी हा टोमणाच उचलून १९९४ साली आपल्या आत्मकथनाचे नाव ‘गव्हर्नमेंट ब्राह्मण’ ठेवले. शिवी उलटवून शीर्षक करण्याचे हे धैर्य आहे. मराठीतला ‘जावई’ अजून तसाच मोकाट आहे.

४

हा सारा भूतकाळ आहे असे कोणी म्हणेल, तर आकडे पाहावेत. २०१० च्या दरांप्रमाणे अकरावी-बारावीच्या घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाहभत्ता होता महिना २३० रुपये. दहा वर्षे तोच राहिला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने योजनेची फेररचना केली, पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली, केंद्र-राज्य वाटा ६०:४० ठरला. त्यानंतर याच विद्यार्थ्याचा भत्ता झाला वर्षाला २,५०० रुपये. दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. फी वेगळी मिळते हे खरे. पण ती वेळेवर आली नाही की महाविद्यालय निकाल अडवते, दाखला अडवते. खिडकीच्या जागी आता संगणकाचा पडदा आला आहे. पडदा टोमणा मारत नाही, पण ‘त्रुटी’ काढून अर्ज परत पाठवतो, आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीव दिला. त्याचे अखेरचे पत्र देशभर वाचले गेले. त्याला लेखक व्हायचे होते, हे सर्वांना आठवते. पण त्या पत्राच्या शेवटी हिशेबही आहे : सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, आपल्याला मिळायची राहिली आहे, ती घरच्यांना मिळावी. ताऱ्यांविषयी लिहिणाऱ्या हाताला त्याच कागदावर थकबाकीही लिहावी लागली. जो समीक्षक पत्राचा पहिला भाग वाङ्मय म्हणून वाचतो आणि दुसरा भाग तपशील म्हणून गाळतो, त्याला दलित साहित्य कळलेले नाही.

२०२२ साली तर परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत एक अट घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांवरील संशोधनाला ती मिळणार नाही. ९ मे १९१६ रोजी एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याने कोलंबियात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. ही अट तेव्हा असती तर तो निबंध झाला नसता. पैसे घ्या, पण आम्हांला प्रश्न विचारू नका, असाच या अटीचा अर्थ होतो. दक्षिणेलाही हीच अट होती. फक्त ती लिहिलेली नव्हती.

म्हणून समीक्षकाने यापुढे दलित आत्मकथन वाचताना पैशाचा हिशेबही वाचला पाहिजे. कोणी दिले, कोणाच्या हक्काने दिले, किती उशिरा दिले, आणि जे कमी पडले ते कोणाच्या श्रमातून आले, हे प्रश्न वाङ्मयबाह्य नाहीत. ते या वाङ्मयाच्या मुळाशी आहेत. लेखकांनी ती खिडकी नावागावासह लिहावी. शिक्षकांनी वर्गात शिष्यवृत्तीची नोटीस वाचताना ती का आहे हे दोन वाक्यांत सांगावे, म्हणजे मान खाली घालणारे पोर मान वर करील. आणि विद्यार्थ्यांनी अर्ज भरताना एवढे लक्षात ठेवावे, की त्या कागदावर सही करताना आपण काही मागत नाही. जे आपले आहे त्याची पावती लिहून देत आहोत.