परवाना कुणाचा, वचन कुणाला?

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "सर, स्वातंत्र्यावर इतकं बोलता, मग 'द बोट दॅट रॉक्ड' पाहिलात का?" पाहिला. दोनदा पाहिला. चित्रपट आवडला, पण त्यातला विचार पटला नाही. का पटला नाही, ते आज सांगतो.

रिचर्ड कर्टिस यांचा हा २००९चा चित्रपट. काळ १९६६चा. समुद्रात नांगरलेलं एक जहाज, त्यावरून दिवसरात्र रॉक संगीत वाजवणारी अवलिया मंडळी, आणि किनाऱ्यावर त्यांच्या वाईटावर टपलेला एक रुक्ष मंत्री. शेवटी जहाज बुडतं, श्रोते होड्या घेऊन त्यांना वाचवायला धावतात. मग पडद्यावर आपल्याला सांगितलं जातं की आज ब्रिटनमध्ये अशी संगीत वाजवणारी कितीतरी केंद्रं आहेत. म्हणजे चाचे हरले, पण स्वातंत्र्य जिंकलं! माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या हिशेबावर.

आधी प्रत्यक्षात काय घडलं ते बघू. त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला मोजकेच तास तबकड्या वाजवता येत. १९६४च्या ईस्टरला रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणानं देशाच्या सागरी हद्दीबाहेर जहाज उभं केलं आणि 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केलं. आमच्या पिढीला हे समजायला जड जात नाही. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, तेव्हा घरोघर काटा फिरायचा तो रेडिओ सिलोनकडे. सिलोन चाच्यांचं नव्हतं, रीतसर केंद्र होतं. पण हद्दीबाहेरून आवाज आला की आतल्यांना जाग येते, हा अनुभव तोच. १९५७ साली आपल्याकडे विविध भारती आली, ती काही उगाच नाही.

आता चित्रपट काय सांगत नाही, ते पाहा. 'रेडिओ लंडन' हे दुसरं मोठं जहाज टेक्सासच्या पैशावर उभं होतं. अमेरिकी धर्तीवर लोकप्रिय गाण्यांची यादी, मध्ये मध्ये जाहिराती, आणि अमेरिकी धर्मप्रचारकांना विकलेला वेळसुद्धा. थेम्सच्या मुखाशी जुन्या लष्करी बुरुजांवरून चालणाऱ्या 'रेडिओ सिटी'चे मालक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट १९६६च्या जूनमध्ये व्यवसायातल्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी गोळी लागून मेले. भांडण प्रक्षेपणाच्या यंत्रावरून आणि केंद्राच्या ताब्यावरून पेटलं होतं. म्हणजे धंदा परवान्याबरोबर आला, असं नाही. तो जहाजावर पहिल्या दिवसापासून होता.

आयझाया बर्लिन यांनी १९५८च्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. मी वर्गात त्या ढोबळपणे अशा सांगायचो: 'कशापासून' सुटका, आणि 'कशासाठी' मोकळीक. हा चित्रपट पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो. सरकारपासून सुटलो, झालं! सुटून कुणाच्या हाती पडलो, हे तो विचारतच नाही.

पुढचा इतिहास नेमका त्याच प्रश्नाचा आहे. १९६७च्या ऑगस्टमध्ये समुद्रावरच्या प्रक्षेपणाला मदत करणं गुन्हा ठरलं. सप्टेंबरच्या ३० तारखेला बीबीसीनं 'रेडिओ वन' सुरू केलं आणि पहिला आवाज होता टोनी ब्लॅकबर्न यांचा, म्हणजे जहाजावरच्याच माणसाचा. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये 'एलबीसी' आणि 'कॅपिटल' ही परवानाधारक व्यापारी केंद्रं आली. हे परवाने फुकटचे नव्हते, बरं का. बातम्या द्या, त्या त्या गावाचं काही ऐकवा, अशा अटी त्यांत होत्या. परवाना म्हणजे श्रोत्याला दिलेलं वचन होतं. १९९०च्या कायद्यानं या अटी बऱ्याच सैल केल्या.

त्याच वर्षीचं एक उदाहरण घ्या. 'किस एफएम' १९८५ पासून लंडनमध्ये चोरून चालायचं. सोल, हाउस, कृष्णवर्णीय तरुणांचं संगीत, जे इतरत्र फारसं ऐकू येत नव्हतं, ते तिथं ऐकू यायचं. परवान्यासाठी त्यांनी बेकायदा प्रक्षेपण स्वतःहून थांबवलं आणि १ सप्टेंबर १९९० रोजी ते राजरोस सुरू झालं. पुढे ते 'एमॅप' या मोठ्या कंपनीकडे गेलं. पोलीस आले नाहीत, जहाज बुडालं नाही. फक्त निर्णय घेणारी माणसं बदलली.

आणि गंमत बघा. २००९ साली हा चित्रपट केंद्रांची संख्या अभिमानानं सांगत होता, त्याच वर्षी 'ग्लोबल' ही कंपनी इंग्लंडमधल्या अनेक गावांच्या केंद्रांची जुनी नावं पुसून सगळ्यांना 'हार्ट' हे एकच नाव देत होती. केंद्रं पुष्कळ, नाव एक. मग मोजायचं काय?

कुणी म्हणेल, सर, म्हणजे तुम्हाला बीबीसीची मक्तेदारी हवी? मुळीच नाही. चाच्यांनी ती फोडली, हे त्यांचं श्रेय आहेच. पण चाचा कुणालाच उत्तर देत नाही. परवानाधारकाला निदान जाब विचारता येतो. तो हक्क आपण सोडून दिला, तर परवाना म्हणजे नुसती बाजारातली पावती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सांगितलं. २००१ पासून खासगी एफएम आलं, तेही लिलावानं. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मात्र त्याला मिळाली नाही. म्हणजे बोली लावणाऱ्याला लहर मिळाली आणि श्रोत्याला गाणी. त्याच देशात म्हसवडसारख्या गावात 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक केंद्रही चालतं. मालमत्ता सगळ्यांची असेल, तर तिच्यावर कुणाचा आवाज यावा, हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलं का? या प्रश्नावर तुमची मतं घेऊन या. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.