विंचू, यंत्र आणि वैद्याचा विवेक

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें 'बॅरिस्टरचं कार्टं' हें आत्मचरित्र मराठी वाचकांनीं आवडीनें वाचलें. परंतु दारिद्र्यांतून वर आलेल्या एका मुलाची कथा एवढ्याच दृष्टीनें तें वाचणें म्हणजे त्यावर अन्याय करणें होय. यंत्रें जसजशीं बुद्धिमान् होत जातील, तसतसें वैद्याच्या हातीं काय उरेल, हा आजचा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर या पुरुषाच्या आयुष्यांत सांपडतें, असें आमचें मत आहे.

१९७६ सालीं बावस्कर बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत रुजू झाले. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखांत लाल विंचवाचा उपद्रव मोठा. दंश झालेला मनुष्य घामानें निथळे, त्यास वांत्या होत, हातपाय गार पडत आणि फुप्फुसांत पाणी भरून तो दगावे. गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा ४० च्या सुमारास मरत. बावस्करांजवळ मोठीं यंत्रें नव्हतीं. रुग्णाच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व घाम यांच्या नोंदी करण्याची चिकाटी मात्र होती. विषामुळें शरीरांत उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो व हृदय त्याखालीं दबतें, हें ध्यानीं आल्यावर त्यांनीं प्राझोसिन हें रक्तदाबाचें स्वस्त औषध योजिलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा १ पर्यंत उतरलें. हे अनुभव 'लॅन्सेट' या विलायती पत्रांत १९८२ व १९८६ सालीं प्रसिद्ध झाले.

पुढची गोष्ट आम्हांस याहूनही मोलाची वाटते. नवी प्रतिविष लस निघाल्यावर बावस्कर दांपत्यानें ७० रुग्णांवर तुलना करून पाहिली. प्राझोसिनच्या जोडीस लस दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असें आढळलें. आणि तें त्यांनीं २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें जगापुढें मांडलें. ज्या औषधानें आपणांस कीर्ति दिली तें एकटें पुरेसें नाहीं, हें स्वतःच सिद्ध करणारा संशोधक विरळा.

आतां यंत्राकडे वळूं. २०१३ सालीं एका तपासणी केंद्राकडून बावस्करांस १२०० रुपयांचा धनादेश आला. एम. आर. आय. तपासणीसाठीं रुग्ण पाठविल्याचा तो मोबदला होता. त्यांनीं तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. असा मोबदला घेण्यास वैद्यकाच्या २००२ च्या नियमांनीं मनाई आहे. संगणकानें रेखाटलेलें शरीराचें चित्र खोटें नसतें. परंतु तें काढावयास सांगणाऱ्याचा हेतु शुद्ध होता कीं नाहीं, हें त्या चित्रांत उमटत नाहीं. यंत्र महाग, त्याचें कर्ज मोठें. म्हणून रुग्णाकरितां यंत्र न राहतां यंत्राकरितां रुग्ण असा व्यवहार होऊं लागतो. पोलादपूरचा शेतकरी तपासणीचे पैसे मोजतो, तेव्हां त्यांतला वांटा कोणाच्या खिशांत जातो हें त्यास कोण सांगणार ?

कोणी म्हणेल, डोंगरावरच्या वाडींत डॉक्टर नसतो. तेथें हृदयाचा आलेख वाचणारें यंत्र वरदानच नव्हे काय? निःसंशय आहे, आणि तें तेथें पोंचलेंच पाहिजे. परंतु हीं यंत्रें मनुष्यानें केलेल्या नोंदींवरच शिकतात. बिरवाडींत तो घाम कोणीं टिपलाच नसता, तर त्यांनीं काय शिकावें ? आणि तपासणी हवी कीं नको, हें ठरविण्याचें काम यंत्रावर सोंपविलें, तर जो त्याचे पैसे भरील त्याच्याच बाजूनें तें बोलेल.

म्हणून दोन गोष्टी अगत्याच्या आहेत. तपासणीच्या पावतीवर कोणास किती वांटा गेला हें छापणें कायद्यानें बंधनकारक व्हावें. आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यास यंत्राचा अहवाल वाचावयास शिकविण्यापूर्वीं रुग्ण वाचावयास शिकवावें. बावस्करांचें चरित्र त्या विद्यार्थ्याच्या हातीं देण्याचें खरें कारण हेंच आहे.