भात्याचा हात

मंडळात इतकी वर्षं एकत्र काढली, पण काकूंना पेटी येते हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. टोरांटोच्या घरात, तळघरात, बर्फाच्या बुटांच्या खोक्यांखाली ती बावीस वर्षं पडून होती. गेल्या गणपतीत आयत्या वेळी साथीला कोणी मिळेना, तेव्हा काका बोलून गेले, "अगं, तुझी आहे की!"

त्या वर्षी साथीविनाच भागलं, कारण वर आणलेल्या पेटीची दशा बघवत नव्हती. इथल्या हिवाळ्यात घरं सतत तापवलेली. कोरड्या हवेनं लाकूड आकसतं. पट्ट्यांखालच्या लोकरीला कसर लागलेली, भात्याच्या घडीला चीर. मंद्रातला एक सूर तर बोट न लावताच भोंगा लावून बसला. काकूंनी झाकण काढून पातळ कागदाची पट्टी त्या सुराच्या झडपेखालून अलगद ओढली. धुळीचा कण निघाला, सूर गप्प! चीर जुन्या पर्सचं चामडं चिकटवून बुजवली.

मला वाटलं होतं, बोटं अडखळतील. छे, उजवा हात पाढे म्हटल्यासारखा सरसर फिरला. फसला तो डावा. तान अर्ध्यावर असताना हवा संपायची, नाहीतर समेवर उगाच फुगायची. "बोटांना आठवतंय गं, भात्याला नाही," काकू म्हणाल्या. मग रोज अर्धा तास नुसता षड्ज, न तुटता, न फुगता. काकांनी तेवढ्यात फिरायला जायची सवय लावून घेतली.

१८४२ साली पॅरिसमध्ये देबँ यांनी पेटंट घेतलेली हार्मोनियम पायांनी चालायची. हातभात्याच्या पेटीचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. डावा हात भात्याला लागला तो तेव्हापासून. खंड तर पेटीलाही चुकला नाही. तिला मींड येत नाही म्हणून १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओनं तिला दाराबाहेर ठेवलं. नाटकवाल्यांनी मात्र सोडलं नाही. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवालेच.

यंदा काकूंनी साथ केली ती 'मानापमाना'तल्याच पदाला. गाणारी मुलगी इथंच जन्मलेली, पहिल्यांदाच मंचावर. अंतऱ्यात ती भलतीकडेच गेली. काकूंनी उजवा हात थांबवला, भाता हलका केला आणि ती वाटेवर येईपर्यंत षड्ज तेवढा धरून ठेवला.