पाठलाग आणि नेम : सशाच्या शिकारीची दोन आख्यानरूपे

इंग्लंड आणि वेल्स यांच्यासाठी झालेला २००४ चा शिकारविषयक कायदा १८ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला आणि कुत्र्यांकरवी रानसशाचा पाठलाग करण्याची फार जुनी प्रथा तेथे बेकायदेशीर ठरली. मात्र बंदुकीने ससा मारण्यास या कायद्याने मज्जाव केला नाही. उलट गोळी लागलेला ससा हुडकून आणण्यासाठी कुत्रा सोडण्याची सवलत त्याने स्पष्टपणे दिली. म्हणजे कुत्रा तोच, ससाही तोच. फक्त बंदूक कुत्र्याच्या आधी आली पाहिजे. या कायद्यापूर्वी नेमलेल्या बर्न्स समितीने २००० मध्ये दिलेल्या अहवालात पाठलागामुळे सशाची गंभीर हेळसांड होते असे म्हटले, आणि त्याचबरोबर छऱ्यांनी जखमी होऊन निसटणाऱ्या सशांविषयीही चिंता नोंदवली. कोणती रीत अधिक क्रूर, हा वाद त्यामुळे मिटला असे म्हणता येत नाही. प्रस्तुत निबंधाला तो मिटवायचाही नाही. येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या दोन रीतींनी वाङ्मयाला काय दिले? माझे प्रतिपादन थोडक्यात असे, की शिकारीची रीत ही आख्यानाची केवळ सामग्री नसते, ती आख्यानाचा काळ आणि दृष्टिकेंद्र ठरवते. यातून एक अवघड निष्कर्ष निघतो. ज्या रीतीला आज आपण अधिक निर्दय समजतो, तिनेच सशाला साहित्यात मन दिले.

आरंभीच एक भाषिक अडचण नोंदवली पाहिजे. मराठीतील ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. बिळात राहणारा, धोका दिसताच बिळात शिरणारा युरोपीय ससा आणि उघड्या माळावर, जमिनीतील उथळ खळग्यात बसणारा, केवळ पायांच्या बळावर जगणारा रानससा. इंग्रजी कायद्याने पहिल्याच्या बाबतीत जमीनमालकाच्या परवानगीने कुत्र्यांचा वापर चालू ठेवला आहे. बंदी आहे ती दुसऱ्याच्या पाठलागावर. भारतातला वन्य ससा हा दुसऱ्या जातकुळीचा. पाठलागाचे वाङ्मय जवळजवळ सर्वस्वी याच सशाचे आहे, कारण बिळात शिरणाऱ्या प्राण्याचा पाठलाग दोन वाक्यांत संपतो.

या वाङ्मयाचा पहिला मोठा ग्रंथ झेनोफोनचा. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात सशांच्या शिकारीवर लिहिताना तो जाळी, वासावर माग काढणारे कुत्रे, सशाची पदचिन्हे, दंव आणि वारा यांचा तपशील देतो, आणि मध्येच असेही सांगतो, की सशाचा माग लागणे, तो उठणे, त्याचा पाठलाग आणि त्याचे पकडले जाणे हे दृश्य इतके मोहक आहे की पाहणारा आपल्या प्रिय गोष्टीही विसरेल. पुढे जवळजवळ पाच शतकांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, एपिक्टेटसचा शिष्य आणि कॅपॅडोशियाचा रोमन प्रशासक एरियन याने त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. स्वतःला तो दुसरा झेनोफोनच म्हणवतो. परंतु गुरूच्या या विधानापाशी तो अडखळतो. सशाचे सापडणे आणि धावणे मोहक खरे, पण त्याचे पकडले जाणे मोहक नाही, असे तो म्हणतो. आणि लगेच झेनोफोनला सवलतही देतो. त्या काळी गॉल प्रदेशातले वेगवान, नजरेने शिकार करणारे कुत्रे ग्रीकांना ठाऊक नव्हते. मंद कुत्र्यांनी ससा धरला तर तो चमत्कारच वाटणार.

मला हा परिच्छेद तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा वाटतो. रसास्वादातील भेदाचे कारण एरियन अभिरुचीत किंवा नीतीत शोधत नाही. तो ते कुत्र्याच्या जातीत शोधतो. साधन बदलले की आख्यानाचा उत्कर्षबिंदू सरकतो, हे त्याने पुरते ओळखलेले आहे. म्हणूनच त्याचे नियमही आख्यानरचनेचे नियम वाटतात. सशाला आघाडी द्यावी, कुत्रे अगदी जवळून सोडू नयेत, एका सशावर दोनपेक्षा अधिक कुत्रे घालू नयेत. ससा निसटला तर खऱ्या शिकाऱ्याला आनंदच होतो. आपण घोड्यावरून वेळेत पोहोचलो तर ससा कुत्र्यांकडून सोडवतो, आणि उशीर झाला तर एक चांगला प्रतिस्पर्धी मारला गेला म्हणून कपाळ बडवून घेतो, असे तो स्वतःविषयी लिहितो. प्रतिस्पर्धी हा शब्द येथे महत्त्वाचा. ज्याला आघाडी द्यायची, त्याला इच्छा आणि युक्ती असते हे आधी मान्य करावे लागते. (हॉर्मे या आपल्या कुत्रीचे नाव भावी पिढ्यांसाठी लिहून ठेवणे त्याला आवश्यक वाटले. सशाला नाव मिळायला मात्र इंग्रजी कवितेची वाट पाहावी लागली.)

ते नाव म्हणजे ‘वॉट’. शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ (१५९३) या काव्यात व्हीनस अडोनिसला विनवते, की रानडुकरामागे जाऊ नकोस, शिकारच करायची तर सशासारख्या निरुपद्रवी प्राण्याची कर. तिचा हेतू शुद्ध स्वार्थाचा आहे. तिला प्रियकर जिवंत हवा आहे. पण सशाचे वर्णन सुरू होते आणि तिचा युक्तिवाद हातचा सुटतो. ससा मेंढ्यांच्या कळपात घुसून आपला वास मिसळतो, कधी बिळातल्या सशांच्या वस्तीतून, कधी हरणांच्या कळपातून धावतो. दूर टेकडीवर मागल्या पायांवर उभा राहून कान देतो, आणि पुन्हा भुंकणे ऐकू येताच त्याची अवस्था मृत्युघंटा ऐकणाऱ्या रुग्णासारखी होते. शिकारीची शिफारस करणारी वक्ती शिकार होणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलेली असते. पुढे तीच विचारते, मी कुठे होते? हा प्रश्न विनोदासाठी घातलेला आहे हे खरे, पण पाठलागाच्या निवेदनाचे सारे रहस्य त्यात आहे. जो धावतो त्याच्या वाटेने वाक्य धावते, आणि वाक्य ज्याच्या वाटेने धावते त्याच्याशी निवेदक बांधला जातो.

मार्गारेट कॅव्हेंडिशच्या १६५३ मधील सशाच्या शिकारीवरील कवितेत हेच तंत्र हेतुपुरस्सर वापरलेले दिसते. तिचा वॉट नांगरलेल्या दोन वरंब्यांमध्ये वाऱ्याकडे नाक करून बसलेला आहे. तो उठतो, धावतो, लपतो, थोडा विसावतो, पुन्हा उठतो. या विसाव्याच्या जागा कवितेचे मर्म आहेत. तेथे कथितकाळ थांबतो आणि विचार करायला सवड मिळते. अखेरीस ती माणसाच्या पोटाला इतर प्राण्यांची कबर म्हणून दूषण देते. तो उपदेश मला कवितेतला सर्वांत दुबळा भाग वाटतो, कारण तोवर वाचकाला काही सांगायचे शिल्लक राहिलेले नसते. टॉमस मोरने ‘यूटोपिया’मध्ये (१५१६) हाच निषेध तर्काने केला होता : धावणे पाहण्यातच सुख असेल तर कुत्र्यामागे कुत्रा धावला तरी ते तेवढेच मिळावे. तर्क बिनतोड आहे, पण मोरच्या त्या परिच्छेदातला ससा आपल्याला दिसत नाही.

बंदुकीच्या बाबतीत काय घडते? गोळीला काळ नसतो. निवेदन तिच्या आधी थांबते, दबा आणि नेम यांपाशी. किंवा तिच्या नंतर सुरू होते, जखमेपाशी. आधीच्या भागात ससा हे केवळ लक्ष्य असते, नंतरच्या भागात तो बळी असतो. प्रतिस्पर्धी तो कधीच नसतो. रॉबर्ट बर्न्सची जखमी सशावरची कविता (१७८९) हे याचे स्वच्छ उदाहरण. (वर उल्लेखिलेल्या समितीच्या अध्यक्षांचेही आडनाव बर्न्सच, हा निव्वळ योगायोग.) कवी सकाळी शेतात पेरणी करीत असताना बंदुकीचा आवाज झाला आणि गोळी लागलेली सशी लंगडत समोरून गेली, पिल्लांच्या हंगामात असे करणाऱ्याचा त्याला संताप आला, असे त्याच्या पत्रावरून कळते. कविता प्रथम त्या माणसाला शाप देते, मग जखमी जिवाला मरायला जागा शोध म्हणून सांगते, आणि शेवटी निथ नदीकाठी आपल्याला तिची उणीव भासेल असे म्हणते. करुणा खरी आहे. परंतु कवितेचे दृष्टिकेंद्र पाहणाऱ्याकडे आहे. सशी आपल्यासमोरून केवळ जाते. तिला काय वाटले हे वॉटच्या बाबतीत जसे कळते तसे येथे कळत नाही, आणि कळण्याइतका अवकाशही नाही.

शापाने सुरू होणारी ही कविता भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये. क्रौंचवधाच्या प्रसंगात वाल्मीकींच्या तोंडून निघतो तोही शापच, आणि तोही बाण लागल्यानंतर. आपल्या परंपरेतील शिकारीची मूळ आख्याने जवळजवळ सगळी शरसंधानाची आहेत. शब्दवेधाने मारलेला मुनिकुमार, मृगरूपातला किंदम ऋषी, जरा व्याधाच्या बाणाने विद्ध झालेला कृष्ण. या सर्व ठिकाणी बाण प्रथम आणि वाणी नंतर. लक्ष्य बोलू लागते ते विद्ध झाल्यावर, आणि तेव्हा ते प्राणी उरत नाही; मनुष्य, ऋषी किंवा देव ठरते. याला मला दोन अपवाद दिसतात. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत एकमेकांना वाचवण्यासाठी बाणापुढे येणाऱ्या हरणांच्या जोडप्याची गाथा आहे. तेथे व्याध अश्रूंनी भिजलेले धनुष्य टाकून देतो. बाण सुटतच नाही, म्हणूनच हरणांना मन असण्याला वाव मिळतो. दुसरा अपवाद शाकुंतलाचा पहिला अंक. रथातून चाललेल्या पाठलागात कालिदासाला हरणाची वळलेली मान, तोंडातून गळणारे अर्धे चावलेले गवत दिसते. आश्रमवासी मध्ये येतात तेव्हा बाण लावलेला आहे, सुटलेला नाही. या वर्णनाची कीर्ती सर्वश्रुत आहे. ते नेमाचे नसून पाठलागाचे वर्णन आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. दुसऱ्या अंकातला सेनापती चल लक्ष्याच्या वेधाची स्तुती करतो, तेव्हा हरीण रंगभूमीवरून पुरते नाहीसे झालेले असते.

गोळीच्या आख्यानाचा कळस शब्दांत नव्हे, चित्रपटात झाला असे मला वाटते. झाँ रेनवारच्या ‘ला रेग्ल द्यु ज्यू’ (१९३९) मध्ये सोलोन्य प्रदेशातील एका जमीनदारी वाड्यावर जमलेली मंडळी शिकारीला निघतात. हाकारे काठ्यांनी झाडे ठोकत येतात. ससे आणि फेझंट पक्षी बंदुकांच्या समोर हाकले जातात. येथे कोणी कोणाच्या मागे धावत नाही. एक ससा, दुसरा, तिसरा. शेवटच्याचे पाय ताणले जातात आणि सैलावतात. प्रत्येक मरण क्षणाचे, पण संख्या वाढत जाते. बंदुकीच्या आख्यानाला दीर्घता हवी असेल तर ती फक्त अशा पुनरावृत्तीतूनच मिळते. चित्रपटाच्या अखेरीस एक माणूस गैरसमजातून गोळी लागून मरतो, आणि तो शिकारीतल्या जनावरासारखा कोलमडला असे चोरून शिकार करणारा मार्सो सांगतो. हे बोलण्याचा अधिकार त्यालाच आहे. तो स्वतः फासे लावून ससे धरणारा. त्याच्या रीतीत पाठलागही नाही आणि नेमही नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावरून पाठलाग म्हणजे सहानुभूती असे समीकरण कोणी मांडील, तर टॉलस्टॉय त्याला छेद देतो. ‘युद्ध आणि शांती’च्या दुसऱ्या खंडातील शिकारीत लांडग्याच्या प्रसंगानंतर सशाचा प्रसंग येतो. ससा प्रथम ऐकतो, कुत्र्यांना जवळ येऊ देत काही उड्या मारतो, मग दिशा निवडून कान मागे टाकतो. तेवढ्यापुरते आपण त्याच्या आत असतो. लगेच टॉलस्टॉय आपल्याला बाहेर काढतो आणि कुत्र्यांच्या मालकांकडे नेतो. निकोलाय रोस्तोवची मिल्का, शेजारी इलागिनची येर्झा आणि काकांचा रुगाय. येर्झासाठी इलागिनने भूदासांची तीन कुटुंबे दिलेली आहेत. अखेर ससा धरतो तो काकांचा साधा रुगाय. काका सशाचा पंजा कापतात, रक्त गळावे म्हणून त्याला हलवतात; नताशा इतक्या तीव्र आनंदाने किंचाळते की एरवी तिलाच लाज वाटली असती. मग काका ससा घोड्यावर टाकून कोणाशी न बोलता निघून जातात. ज्या समाजात तीन कुटुंबे देऊन एक कुत्री मिळते, तेथे सशाच्या मनात शिरण्यापेक्षा मालकांच्या मनात शिरणे लेखकाला अधिक निकडीचे वाटले. एरियनचा प्रतिस्पर्धी येथे मोजमापाचे साधन झाला आहे. पाठलाग सशाला अवकाश देतो, पण तो अवकाश कोणाच्या वाट्याला जाईल याची हमी देत नाही.

मराठीच्या परिसरात या विषयाचे लिखित साहित्य विरळ आहे, प्रथा मात्र विरळ नव्हती. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’मध्ये मृगयाविनोद आणि सारमेयविनोद असे दोन्ही विभाग आहेत, आणि दख्खनच्या माळावरचा कारवानी कुत्रा सशामागे धावण्यासाठीच नावाजलेला. आज हे सारे कायद्याबाहेर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या सध्याच्या व्याख्येत बंदुकीने मारणे आणि पाठलाग करणे हे दोन्ही शिकारच. इंग्रजी कायद्याने केलेला भेद आपल्या कायद्याने केलेला नाही.

भेद राहिला आहे तो भाषेत. बंदुकीने आपल्याला ‘नेम’, ‘निशाणा’, ‘बार फुसका निघणे’ असे शब्दप्रयोग दिले. ते सगळे मारणाऱ्याच्या बाजूचे आहेत. पाठलागाने दिलेला शब्द म्हणजे ‘ससेहोलपट’. (‘ससेमिरा’ या शब्दाशी त्याची गल्लत होते; पण ससेमिऱ्याचा सशाशी संबंध नाही, तो सिंहासनबत्तिशीतल्या शापित राजपुत्राच्या निरर्थक अक्षरांतून आलेला आहे.) ससेहोलपटीत कुत्रे नाहीत, शिकारी नाही, शेवटही नाही. तेथे फक्त इकडून तिकडे होलपटणारा ससा आहे, आणि दारोदार हेलपाटे घालणाऱ्या माणसासाठी आपण तो शब्द वापरतो तेव्हा त्याच्यामागे कोण लागले आहे हे कोणी विचारत नाही.