विझलेली धूमवर्ती आणि बाणाचा पुत्र

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वर आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात आणखी भर घालण्याचे धाडस एरवी आम्ही केले नसते. परंतु ज्या कथेचे नाव मराठीने, आणि आम्ही सध्या जिच्या प्रदेशात राहतो त्या कन्नड भाषेनेही, एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले, ती कथा अखेरपर्यंत वाचणारे थोडेच. जे वाचतात त्यांपैकी पुष्कळजण पूर्वभाग संपताच पुस्तक मिटतात. उत्तरभाग बाणाचा नव्हे, त्याच्या मुलाचा. तेव्हा तो वाचला काय आणि न वाचला काय, अशी एक समजूत रूढ झालेली दिसते. ही समजूत आम्हांस अन्यायाची वाटते. आणि ती तशी का वाटू लागली, हे सांगण्यासाठी आम्हांला एका चिरुटापासून आरंभ करावा लागणार आहे.

टी. नरसीपूर हे कावेरी आणि कपिला यांच्या संगमावरचे गाव. तिसरे स्फटिक सरोवर गुप्त आहे अशी श्रद्धा असल्याने हा त्रिवेणी संगम मानला जातो, आणि १९८९ पासून दर तीन वर्षांनी येथे कुंभमेळा भरतो. येथील आमचे एक वयोवृद्ध स्नेही संस्कृताचे व्यासंगी. पूर्वी संध्याकाळी घराच्या ओट्यावर, म्हणजे येथील भाषेत ‘जगली’वर, बसून ते एक त्रिचनापल्लीचा चिरूट ओढीत. आम्ही स्वतः धूम्रपान करीत नाही. त्यांनीही ते वैद्यांच्या सांगण्यावरून सोडले, हे चांगलेच झाले. पण ज्या दिवसांत त्यांच्याकडे आमचे ‘कादंबरी’चे वाचन चालले होते, त्या दिवसांत नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात तो चिरूट सारखा जळावा म्हणून ते किती कष्ट घेत, ते आम्ही पाहिले आहे. आगकाडीची ज्योत चिरुटाला न भिडवता ते तो तिच्यावर धरून फिरवीत, कडा सगळीकडून लालसर झाली की मगच ओढू लागत. घाईने एकाच बाजूस पेटवलेला चिरूट अखेरपर्यंत तिरपा जळतो, असे ते म्हणत. मिनिटाला एखादाच झुरका. अधिक ओढला तर तो तापून कडवट होतो, कमी ओढला तर विझतो. एक बाजू मागे राहिली, तर ती खालच्या अंगास फिरवावयाची, कारण खालची बाजू लवकर जळते.

त्यांनी सांगितलेले दोन दोष आमच्या विशेष ध्यानात राहिले. कधी वरचे वेष्टनाचे पान पुढे जळत जाते आणि आतला भरणा मागे राहतो; कधी आतला भरणा जळून पोकळी पडते आणि वेष्टन मात्र तसेच उभे असते. पान दमट असले, भरणा एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल झाला, की असे होते. जमिनीचाही यात वाटा असतो: पानात क्लोराइड अधिक उतरले तर ते नीट जळत नाही, पोटॅश असले तर जळण सुधारते.

आता ‘कादंबरी’कडे वळू. शूद्रक राजाच्या सभेत चांडालकन्या पोपट घेऊन येते, सभा उठते, राजा स्नान, पूजा, भोजन आटोपतो; आणि भोजनानंतर, तांबूल घेण्यापूर्वी, तो धूमवर्ती ओढतो. सातव्या शतकातला हा धूर तंबाखूचा नव्हे, हे उघड आहे. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला; अकबराच्या दरबारी तो असदबेगाने नेला तो विजापुराहून, सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी. राजाची धूमवर्ती वैद्यकातली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिची कृती दिली आहे: सुगंधी औषधे वाटून त्यांचा लेप शराच्या काडीवर द्यावा, जवाच्या आकाराची, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळे लांब वर्ती करावी, वाळल्यावर काडी काढून घ्यावी आणि तुपाने माखून ती नळीतून ओढावी. काडी काढल्याने मधोमध हवेची वाट राहते आणि जळण सरळ होते. चरकाने धूमपानाच्या ज्या वेळा सांगितल्या आहेत, त्यांत भोजनोत्तर वेळही आहे. म्हणजे बाणाने हा तपशील केवळ वर्णनाची हौस म्हणून घातलेला नाही. राजाची दिनचर्या शास्त्रानुसार चालते, हे तो दाखवीत आहे. ती आटोपल्यावरच राजा पोपटाला बोलावतो आणि कथेस प्रारंभ होतो.

बाणाच्या गद्यावरचा जुना आक्षेप सर्वांस ठाऊक आहे. वेबर या जर्मन पंडिताने त्याला भारतातील अरण्याची उपमा दिली: वाट तोडत पुढे जावे लागते आणि अनोळखी शब्दांची श्वापदे अंगावर येतात. हा आक्षेप अगदी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या स्नेह्यांच्या भाषेत सांगावयाचे तर बाणाच्या काही स्थळी वेष्टन पुढे जळते आणि भरणा मागे राहतो. अच्छोद सरोवर, महाश्वेता, कादंबरीचा प्रासाद यांची वर्णने पुढे सरकत जातात, आणि कथा एकाच पावलावर थांबून त्यांची वाट पाहते. परंतु बाण ही बाजू फिरवणे जाणतो. दीर्घ समासांच्या ओळींनंतर तो अचानक दोन-तीन शब्दांची वाक्ये घालतो, आणि मागे राहिलेली कथा पुन्हा कडेशी येऊन पोचते.

असे चालले असता ही वर्ती विझते. पत्रलेखा कादंबरीचे बोलणे चंद्रापीडास सांगत असते आणि त्या सांगण्याच्या मध्येच बाणाचा ग्रंथ तुटतो. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. परंपरा त्याचे नाव कोठे भूषणभट्ट, तर कोठे पुलिन्द असे देते. नावदेखील निश्चित उरले नाही, एवढा तो पित्याच्या मागे उभा आहे.

विझलेला चिरूट पुन्हा पेटवावयाचा तर आधी जुनी राख झाडावी लागते, आत कोंडलेला शिळा धूर फुंकून बाहेर घालवावा लागतो, आणि कडा पुन्हा सर्व बाजूंनी शेकावी लागते. हे न करता पेटवला तर पहिलाच झुरका कडू लागतो. बाणपुत्राने यातले पहिले काम निष्ठेने केले आहे. आपण हे का हाती घेत आहोत, हे तो प्रथम सांगतो: पिता स्वर्गवासी झाला आणि त्याच्या वाणीबरोबरच ही कथा खंडित झाली, ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख होते, ते पाहून हा आरंभ केला आहे, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. इतका कबुलीजबाब दिल्यावर त्याच्याकडून बाणाच्या तोलाची अपेक्षा करणे आणि ती पुरी न झाल्याबद्दल त्याला दोष देणे, हे न्यायाचे नाही.

दोष मात्र आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. उत्तरभागात वेष्टन पातळ झाले आहे. वैशंपायनाचा हट्ट, महाश्वेतेचा शाप, चंद्रापीडाचे हृदय फुटणे, चंद्राची आकाशवाणी, जन्मांतरांचा उलगडा, अशा घटना एकीमागून एक येतात. आतला भरणा भराभर जळत जातो आणि वर्णन त्याच्याबरोबर चालू शकत नाही. शिवाय हा भरणा सर्वस्वी त्याचा नव्हताच. मूळ कथा गुणाढ्याच्या बृहत्कथेची. तिचे एक रूप सोमदेवाच्या कथासरित्सागरात राजा सुमना आणि मकरंदिका यांच्या गोष्टीत आजही सापडते. कथानकाचा आराखडा हाती होता. नव्हता तो पित्याचा श्वास.

आणि तरीही उत्तरभागात एक स्थळ असे आहे की, ते लिहिण्यास बाणाचा पुत्रच हवा होता, असे आम्हांस वाटते. चंद्रापीड गतप्राण होतो. पण त्याचे शरीर नासत नाही. कादंबरी त्या शरीरापाशी बसते, त्याची शुश्रूषा करते आणि तो परत येईल या वचनावर दिवस काढते. ज्याचा प्राण गेला आहे, परंतु ज्याला विकार शिवलेला नाही, असे काहीतरी आपल्या स्वाधीन झाले आहे. ते जपावयाचे आहे, त्याला आपल्या हाताने बिघडू द्यावयाचे नाही: ही अवस्था त्या मुलाने कल्पनेने निर्माण केलेली नसावी. पित्याची अपुरी पोथी पुढ्यात घेऊन तो स्वतःच तसा बसला असला पाहिजे. शूद्रक हाच चंद्रापीड, हे उकलते तेव्हा ज्या राजाने आरंभी भोजनोत्तर धूमवर्ती ओढून कथा ऐकावयास घेतली होती, त्याच्याशीच ती येऊन पोचते. पहिल्या प्रसंगात लागलेला अग्नी अशा रीतीने दुसऱ्याच्या हातून का होईना, दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

गावोगाव बदल्या होत फिरणाऱ्या आपल्यासारख्या नोकरवर्गाला हा मुलगा परका वाटू नये. दुसऱ्याच्या अक्षरातली अर्धवट टिपणी, त्याने मनात योजलेला पण कागदावर न आलेला निर्णय, आणि खाली सही मात्र आपली, हा अनुभव कोणास नाही? अशा वेळी आपली हुशारी दाखवण्याचा मोह होतो; नाहीतर ‘हे आमच्या वेळचे नव्हे’ म्हणून कागद बाजूस सारण्याचा. बाणपुत्राने या दोन्हींपैकी काहीच केले नाही. त्याने राख झाडली, आपली योग्यता सांगितली आणि काम पुरे केले. तेव्हा पूर्वभाग संपल्यावर पुस्तक मिटू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.