लोनसम डव्ह कादंबरीमाला

लोनसम डव्ह कादंबरीमाला : अमेरिकन कादंबरीकार लॅरी मकमर्ट्री (१९३६–२०२१) ह्याने अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील जीवनावर लिहिलेल्या चार कादंबऱ्या. लोनसम डव्ह (१९८५), स्ट्रीट्स ऑफ लरेडो (१९९३), डेड मॅन्स वॉक (१९९५) आणि कोमांची मून (१९९७) हा त्यांचा प्रकाशनक्रम. कथेच्या कालक्रमानुसार मात्र शेवटच्या दोन कादंबऱ्या आधी येतात. लोनसम डव्हला १९८६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ह्या कादंबरीचे मूळ मकमर्ट्रीनेच १९७० नंतरच्या दशकारंभी लिहिलेल्या एका पटकथेत आहे. चित्रपट निघू शकला नाही. पुढे त्या कथेची कादंबरी झाली. ऑगस्टस मॅक्रे व वुड्रो कॉल हे टेक्सस रेंजर्स दलातील दोन निवृत्त कप्तान रिओ ग्रँड नदीकाठच्या एका उजाड खेड्यातून गुरांचा कळप घेऊन दूर उत्तरेस माँटॅनाकडे निघतात. मॅक्रे बोलका व सुखासक्त, तर कॉल अबोल व कर्तव्यकठोर. वाटेत सोबती एकेक करून मरतात आणि ते मरण बहुधा आकस्मिक व निरर्थक असते. मॅक्रेच्या मृत्यूनंतर त्याला दिलेल्या वचनाखातर कॉल त्याचे शव टेक्ससला परत आणतो. गुरांचे व्यापारी चार्ल्स गुडनाइट व ऑलिव्हर लव्हिंग ह्यांच्या प्रत्यक्ष जीवनातील प्रसंगाचा येथे आधार आहे.

पश्चिमेविषयीच्या वीरकथेतील पोकळपणा दाखविणे, हा मकमर्ट्रीचा हेतू होता. न्यूट ह्या आपल्या अनौरस मुलाला कॉल आपली घोडी, बंदूक व वडिलांचे घड्याळ देतो. आपले नाव मात्र देत नाही. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द पाळणारा हा पुरुष जिवंत मुलाशी एक शब्द बोलू शकत नाही, हा कादंबरीचा गाभा होय. तथापि प्रवासाचा भव्य पट व मॅक्रेचे लोभस व्यक्तिमत्त्व ह्यांमुळे बहुसंख्य वाचकांनी तिला वीरगाथा म्हणूनच स्वीकारले. ब्लू डक ह्या खलपात्राचे चित्रण एकांगी आहे, हा तिचा दोष मानावा लागेल.

१९८९ मध्ये सायमन विन्सर ह्याने दिग्दर्शित केलेली चार भागांची दूरचित्रवाणी मालिका सीबीएस वाहिनीवरून प्रसारित झाली. बिल विट्लिफ ह्याच्या पटकथेत मूळ संवाद पुष्कळसे राखलेले आहेत. रॉबर्ट डुव्हाल (मॅक्रे) व टॉमी ली जोन्स (कॉल) ह्यांचा अभिनय संस्मरणीय ठरला. कादंबरीतील निवेदन अनेक पात्रांच्या मनांत सहजपणे वावरते. पडद्यावर ही सोय नसल्यामुळे कॉलची घुसमट जोन्सच्या मुद्रेवरूनच जाणवते. मात्र विस्तीर्ण निसर्गदृश्ये व उदात्त संगीत ह्यांनी मूळ कथेतील उपरोध सौम्य होऊन स्मरणरंजन वाढले.

स्ट्रीट्स ऑफ लरेडो हे लेखकाने ह्या स्वीकाराला दिलेले उत्तर म्हणता येईल. तीत न्यूटच्या मृत्यूचा केवळ उल्लेख येतो आणि वृद्ध कॉल एक हात व एक पाय गमावून परावलंबी होतो. उरलेल्या तिन्ही कादंबऱ्यांच्या मालिका अनुक्रमे १९९५, १९९६ व २००८ मध्ये आल्या. त्यांच्या पटकथालेखनात डायॅना ओसाना हिच्यासह स्वतः मकमर्ट्रीचा सहभाग होता; परंतु पहिल्या मालिकेची लोकप्रियता त्यांना लाभली नाही. रिटर्न टू लोनसम डव्ह (१९९३) ही मालिका मात्र त्याच्या कोणत्याही कादंबरीवर आधारलेली नाही.